चिखलात रुतलेला संत पेद्रो

पाराचिकेच्या बंदरात कुणी फार बढाया मारू लागला, की लोक त्याला विचारतात, "बाबा रे, वाळवंटात होडी रुतवलीयेस का कधी?" बढाईखोर गप्प बसतो. कारण तो पराक्रम गावात एकाच माणसाच्या नावावर आहे, आणि तो माणूस म्हणजे माझे दाजी, नासारियो एचे. मी त्या होडीत होतो. त्यामुळे पुढे सांगतोय त्यातलं निम्मं तरी खरं आहे. कुठलं निम्मं, ते विचारू नका, तुम्ही नेमकं चुकीचं उचलाल.

समुद्र कोमट होणं आम्हाला नवं नाही. नाताळच्या सुमाराला उत्तरेकडून उबदार पाणी येतं, थोडं रेंगाळतं, जातं. बाळ येशूच्या वाढदिवसाला येतं म्हणून आमच्या पणज्यांनी त्याला 'बाळ' म्हणून टाकलं. पण एखाद्या वर्षी हा बाळ पाहुणा म्हणून येतो आणि घरजावई होऊन बसतो. त्या वर्षी तसंच झालं. पार जगाच्या पलीकडे, आमचा सूर्य मावळून दुसऱ्यांच्या अंगणात उगवतो तिथे, वारे थकले म्हणे. त्यांनी वर्षानुवर्षं तिकडे रेटून धरलेलं गरम पाणी घसरगुंडीवरून यावं तसं आमच्या दारात येऊन पडलं. तिकडे जंगलं पेटली, इकडे आमच्या उंबऱ्यावर बेडूक बसले.

मांदेली थंड पाण्याची लाडकी. ती दक्षिणेला निघून गेली. समुद्र इतका तापला, की जाळ्यात आलेला एखादा मासा शिजूनच यायचा. लिंबू तेवढं पिळायचं बाकी असायचं. आणि पाऊस! आमच्या सेचुराच्या वाळवंटात पावसाची ओळख आजोबांच्या गोष्टीतली. तो असा कोसळला, की पियुरा नदी समुद्राची वाटच विसरली आणि वाळवंटात शिरली. तिथे तळं झालं. तळं कसलं, या काठावरून तो काठ दिसेना. बकऱ्या पोहायला शिकल्या आणि त्यांचं दूध पातळ झालं. नदीबरोबर बोय मासे आले, आणि वाळूत खायला काय मिळालं देव जाणे, पण मांडीएवढे झाले.

तर अशी गंमत. समुद्रात मासा नाही आणि वाळवंटात जाळं फाटेस्तोवर मासा. आमच्या लोकांनी होड्या ट्रकवर चढवल्या आणि समुद्राकडे पाठ करून मासेमारीला निघाले.

दाजींची होडी शिडाची, जुनी, रुंद पोटाची. नाव 'पेत्रोनिला'. ते दाजींच्या आईचं नाव. माझी ताई मेल्चोरा त्या होडीला 'सासूबाई' म्हणायची. "सासूबाईंना भोक पडलंय." "सासूबाईंना डांबर लावा, फार कुरकुरतायत." दाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्या वर्षी पेत्रोनिलाला एक मान होता. जूनच्या अखेरीला संत पेद्रोचा सण. त्या दिवशी कोळ्यांचा राखणदार, आमचा लाकडी, टकला, हातात स्वर्गाच्या किल्ल्या धरलेला पेद्रो एका होडीत उभा राहून खाडीला फेरी मारतो, बाकी सगळ्या होड्या मागे. ती एक होडी कुणाची, हे पाळीपाळीनं ठरतं. दाजींचे वडील पाळीची वाट बघत म्हातारे झाले आणि पाळी यायच्या आधी गेले. मरताना त्यांनी बायकोचं नाव घेतलं नाही, म्हणाले, "होडीला रंग लावून ठेव." त्यामुळे दाजींच्या आयुष्यात त्या वर्षी दुसरं काही नव्हतंच. पेद्रोला आपल्या होडीतून फिरवायचं. बस.

आता आमच्याकडची रीत अशी, की मान मिळाला की मूर्ती मानकऱ्याच्या होडीला सोडून कुठेही वस्तीला राहत नाही. होडी किनाऱ्यावर तर पेद्रो किनाऱ्यावर. मग होडी वाळवंटात निघाली तेव्हा काय करायचं? गावच्या म्हाताऱ्या बायांनी डोकी एकत्र केली आणि निकाल दिला, "जिथे होडी, तिथे पेद्रो."

झालं. पेद्रोला पालखीसकट पेत्रोनिलाच्या पोटात बांधलं आणि ट्रक निघाला. इसिद्रो बांकायान रस्त्यात उभा होता. हा दाजींचा बालपणापासूनचा दुष्मन आणि पुढच्या वर्षीचा मानकरी.

"नासारियो," तो ओरडला, "संताला उन्हाळी टोपी घातलीस का? टक्कल भाजेल त्याचं!"

"तुझी होडी सांभाळ!" दाजी म्हणाले.

"माझी समुद्रावरच आहे रे, वारा लागतो तिला!"

तळ्यावर आमचे दिवस छान गेले. मी आणि दाजी जाळी टाकायचो, ताई होडीच्या काठावर बसून बोय चिरून मीठ लावायची. पेद्रो मधोमध उभा. त्याचा एक डोळा रंगवणाऱ्यानं तिरपा केलाय, त्यामुळे तुम्ही त्याच्यासमोर हात जोडलेत की तो तुमच्या शेजाऱ्याकडे बघतो. अडचणीत असताना हे फार लागतं मनाला.

आणि इथे दाजींनी ती चूक केली. समुद्रावरचा माणूसच ती करू शकतो, शेतकऱ्यानं केली नसती. आमच्या खाडीत दुपारी दक्षिणेचा वारा सुटतो. म्हणून दक्षिणेच्या डोंगराआड नांगर टाकायचा, तिथे पाणी शांत. हे आम्हाला आईच्या दुधातून मिळतं. दाजींनी तळ्यातही दक्षिणेचा काठ धरला, उंच टेकाडाआड नांगर टाकला आणि म्हणाले, "बघ सिरिलो, आरशासारखं पाणी."

बाळ घरात होता तोवर वाराही झोपलेला होता, सगळीकडेच आरसा होता. मग एके दिवशी ताईच्या जुन्या रेडिओवर बातमी आली. समुद्र थंड झालाय. हळूहळू नाही, एकदम, कुणी दार उघडल्यासारखा. पलीकडचे वारे जागे झाले म्हणे, गरम पाणी परत तिकडे रेटतायत, आणि आमच्या किनाऱ्याला खालून गार पाणी वर येतंय. मांदेली परतली. पाऊस आता नाही.

बाकीच्या होड्या त्याच आठवड्यात ट्रकवर चढून गेल्या. दाजी म्हणाले, "गर्दी गेली, आता मासा आपला. सणाआधी ट्रकवाला येणारच आहे न्यायला."

"अहो, निघू या ना," ताई म्हणाली. "सगळे गेले."

"मेल्चोरे, गर्दीबरोबर येणाऱ्याला काय मिळतं? काटे."

मग वारा आला. थंड समुद्रावरून येणारा, जुना, खडखडीत, आमच्या ओळखीचा वारा. दुपारी तो तळ्यावरून जायचा आणि जाताना तळंच बरोबर घेऊन जायचा. समुद्र खोल, त्याला फरक पडत नाही. हे तळं म्हणजे पसरट ताट. ताट एका बाजूनं उचललं की रस्सा पलीकडे. सगळं पाणी उत्तरेच्या काठाला जाऊन उभं राहायचं आणि आम्ही दक्षिणेला टेकाडाआड, शांत जागी, शांतपणे चिखलात. सकाळी वारा पडला की पाणी परत यायचं, होडी जरा हलायची. दाजी म्हणायचे, "बघा, आली भरती."

"भरती नाही ती," ताई म्हणायची. "पाणी निरोप घ्यायला येतंय."

तिचंच खरं होतं. रोज सकाळी येणारं पाणी आदल्या सकाळपेक्षा कमी. आधी गुडघाभर, मग घोट्याभर. टेकाड समोर दिसत होतं, पण तिथवर पोचणं आता सोपं नव्हतं. काठ समजून बसलो होतो ती जमीन म्हणजे वर पापुद्रा आणि खाली लापशी. मी धीर करून उतरलो. दोन पावलं टाकली आणि छातीपर्यंत गेलो. दाजींनी दोर टाकून ओढलं. मी वर आलो, पँट खालीच राहिली. ती आजही तिथेच असेल, वाळवंटात एखाद्याला जीवाश्म म्हणून सापडेल.

"आता काय?" मी ताईची ओढणी गुंडाळून विचारलं.

"आता ट्रकवाला," दाजी म्हणाले.

"ट्रकवाला काय उडत येणारे?"

पुढे जावं तर पाणी नाही, खाली उतरावं तर जमीन नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. होडी तिरकी झाली होती, त्यामुळे झोपलं की तिघेही घरंगळत पेद्रोच्या पायाशी. चोहीकडे चकाकणारा चिखल, त्यात मेलेले बोय, आणि वास असा, की माश्यासुद्धा आळीपाळीनं यायच्या. पिण्याच्या पाण्याचं पिंप ताईनं स्वतःच्या अंगाखाली घेतलं. तिच्याकडे मागावं लागायचं, आणि मागितलं की आधी भाषण मिळायचं.

"तोंड उघडा. एवढंच. सासूबाईंनी पोरगा वाढवताना अक्कल पाजली असती तर आज मी पाणी जास्त पाजलं असतं."

एके सकाळी दाजींनी अंगातला पांढरा सदरा काढून डोलकाठीच्या टोकाला बांधला. "कुणीतरी बघेल," म्हणाले.

बघितलं. दुपारपर्यंत टेकाडावर तीन धनगर आले. बकऱ्या मागे, हातात भोपळ्याची भांडी. आम्ही तिघे उठून नाचायलाच लागलो.

"ओ काकाऽ!" त्यातला एक ओरडला. "चिचा गोड हाय का कडक?"

आमच्या मुलखात पांढरं फडकं काठीला लागलं, की त्या घरी चिचा, म्हणजे मक्याची दारू, तयार आहे असा अर्थ. त्यात त्यांची काही चूक नव्हती. तेवढ्या लांबून बिचारे तहानलेले आले होते.

"चिचा नाही!" दाजी ओरडले. "आम्ही अडकलोय!"

"मग फडकं कशाला लावलं?"

"मदतीला!"

तिघांत चर्चा झाली. मग दुसरा म्हणाला, "म्हंजे, अजिबातच नाही? थोडीसुदिक?"

"अरे मेल्यांनो," ताई कडाडली, "संत पेद्रो अडकलाय इथे! पाराचिकेचा! गावात जाऊन सांगा!"

पेद्रोचं नाव ऐकून त्यांनी टोप्या काढल्या. पण पुढे यायला कुणी तयार नव्हतं. त्यांचं एक गाढव उतरलं ते कानांपर्यंत गेलं, त्याला शेपटीला धरून काढलं. निरोप नेतो म्हणाले आणि गेले. जाताना शेवटच्यानं पुन्हा वळून विचारलं, "उद्याला होईल का चिचा?"

निरोप पोचला. एक धनगर परत आला तेव्हा त्याच्याबरोबर इसिद्रोचा निरोप होता. धनगरानं टेकाडावरून तो जसाच्या तसा ओरडून सांगितला, मध्ये श्वास घ्यायला थांबत. "इसिद्रो बांकायान म्हणतो... चिखलात ट्रक येत न्हाई... ट्रक टेकाडामागं सडकेवर उभा करतो... पण सण थांबत न्हाई... मांदेली परत आली, समुद्राला पेद्रो लागतोच... तर गावानं देवळातल्या संत होसेच्या मूर्तीला पेद्रो करायचं ठरवलंय... आणि फिरवायचा इसिद्रोच्या होडीतनं."

दाजी खाली बसले.

"होसेला कसं पेद्रो करतील?" मी म्हणालो. "त्याला डोकंभर केस आहेत."

"डोक्यावर माशाच्या पोटातला फुगा ताणून बसवलाय!" धनगर म्हणाला. "लई झाक दिसतोय! हातात पुठ्ठ्याच्या किल्ल्या!"

वारा आला, चिखलावर सुरकुत्या पाडून गेला. रेडिओ सांगत होता की बंदरात जाळी भरून येतायत, लोक खूश आहेत, समुद्र पूर्वीसारखा झालाय. ज्या गार पाण्यानं गावाला जेवू घातलं, त्याच पाण्यानं आमच्या पायाखालचं तळं ओढून नेलं होतं. ताईनं रेडिओ बंद केला. बॅटरी वाचवायला, म्हणाली.

"सकाळी पाणी येईल," दाजी शेवटी म्हणाले. "शीड लावू. उत्तरेला निघू. पाणी आहे तिकडे जाऊ, तिथून बघू."

सकाळ झाली. आम्ही शीड बांधून तयार. वारा पडला. उत्तरेकडून पाण्याची चकाकती रेघ सरकत सरकत आली आणि होडीपासून दगड फेकल्याइतक्या अंतरावर थांबली. दाजी होडीच्या काठावर ओणवे होऊन तिच्याकडे बघत राहिले, मांजराला बोलवावं तसे. "ये," म्हणाले. "ये ना गं." रेघ जरा थरथरली आणि मागे गेली.

सण दुसऱ्या दिवशी होता.

ताई उठली. तिनं होडीची बाजूची वरची फळी हातानं चाचपली, मग बोटांनी खिळे शोधले.

"काय करतेस?" दाजींनी विचारलं.

"लांबरुंद आहे. चिखलावर टाकली तर माणूस पेलेल. एक टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, पुढे दुसरी टाकायची, मागची उचलायची. पेद्रोला पालखीसकट मागे ओढायचं, तिचा तळ सपाट आहे."

"आणि होडी?"

ताई पुढचा खिळा चाचपू लागली.

"मेल्चोरे, होडी नाही तर मान कसला? कशात फिरवू त्याला?"

"इथे राहिलात तर कशात फिरवणार आहात?"

दाजी माझ्याकडे बघू लागले. मी पेद्रोकडे बघितलं. पेद्रो नेहमीप्रमाणे भलतीकडेच बघत होता.

"आणखी एक सकाळ थांबू," दाजी म्हणाले. "उद्या वारा कमी असेल."

"अहो, उद्या सण आहे. परवा हा लाकडाचा बाबा नुसता लाकडाचा बाबा. गावाला फुगेवाला होसे आवडला, तर पुढच्या वर्षी याला कुणी विचारायचं नाही. तुमच्या वडिलांनी कुणासाठी वाट बघितली, होडीसाठी की याच्यासाठी?"

"दोघांसाठी."

"दोघं मिळायची वेळ गेली."

मग दाजींनी कुऱ्हाड घेतली. पहिला घाव माझ्यासमोर घातला नाही, मला म्हणाले, "सिरिलो, तिकडे बघ." मी तिकडे बघितलं. लाकूड किंचाळलं. सुरुवात झाल्यावर मात्र त्यांनी हात थांबवला नाही, आणि प्रत्येक फळी निघताना आईचं नाव पुटपुटत होते. ताई फळ्यांवरचे खिळे वाकवत होती. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर म्हणाली, "आयुष्यभर सासूबाईंनी मला वाट दिली नाही. आज देतायत."

मग आम्ही निघालो. पुढे दाजी, मध्ये मी, मागे ताई, आणि दोरानं ओढत पालखीवर आडवा झालेला पेद्रो, आभाळाकडे तोंड करून. फळी टाकायची, ती चिखलात टेकताना सुस्कारा सोडायची. चार पावलं चालायचं, मागची उपसायची. चिखल ती सहज सोडत नसे, ओढल्यावर असा आवाज करायचा की ऐकून आम्हाला एकमेकांचाच संशय यायचा. मी दोनदा पडलो. दाजी एकदाही नाही. मागे वळून त्यांनी होडीकडे बघितलं नाही, आणि बघण्यासारखं उरलंही नव्हतं. नुसता सांगाडा, त्याच्या डोलकाठीवर तो सदरा. एक वाटसरू त्याकडे बघून भांडं घेऊन निघाल्याचं मला दिसलं, पण हाक मारायला अंगात त्राण नव्हतं.

टेकाडाला लागलो तेव्हा तिघांचे चेहरे एकच झाले होते. ट्रक खरंच होता. इसिद्रोनं शब्द पाळला होता. दाजींना हेच सर्वांत जास्त लागलं असावं.

सणाच्या सकाळी बंदरात पोचलो. बँड वाजत होता. होसे इसिद्रोच्या होडीत उभा होता, फुगा उन्हात सुरकुतून कपाळावर घसरलेला. आमची पालखी बघून बँड एकेका वाद्यानं बंद पडला.

इसिद्रो पुढे आला. चिखलाच्या पेद्रोकडे बघितलं, चिखलाच्या दाजींकडे बघितलं, टोमणा मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "आण त्याला. माझ्या होडीत घे."

"मान माझ्या होडीचा आहे," दाजी म्हणाले.

"कुठाय होडी?"

दाजींनी ट्रकमधून फळ्या उतरवल्या. एकेक उचलून पाण्यातून चालत गेले, इसिद्रोच्या होडीत आडव्या रचल्या, आणि त्यांच्यावर पेद्रोला उभं केलं. "ही," म्हणाले.

म्हाताऱ्या बायांनी पुन्हा डोकी एकत्र केली. होडीत ठेवलेली होडी ही होडी असते का? एक म्हणाली, तळ नाही, शीड नाही, ही तर मोळी. दुसरी म्हणाली, मोळीवरून संत येत नसतो.

ताई कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "मावशी, पाण्यावर काय, कुठलीही होडी चालते. याला चिखलातून जमिनीवर आणलंय या होडीनं. तुमच्यापैकी कुणाची चाललीय जमिनीवर? बोला!"

म्हाताऱ्या बायांनी बँडवाल्यांना खूण केली. पेद्रो निघाला. होसेला उतरवणं बरं दिसेना, म्हणून तोही कोपऱ्यात राहिला. समुद्र गार होता, वारा कापत होता, बायकांनी शाली ओढल्या होत्या आणि सगळे थंडीनं कुडकुडत हसत होते. दाजी फळ्यांवर पेद्रोच्या शेजारी उभे होते. त्यांना हसताना मी पाहिलं नाही, पण त्यांनी चेहरा धुतला नव्हता, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

फेरी संपल्यावर सगळे जेवायला गेले. दाजी फळ्या गोळा करायला वाकले.

"राहू दे," इसिद्रो म्हणाला. "उद्या पहाटे जाळी घेऊन निघतोय. एक गडी कमी आहे."

दाजींनी एक फळी काखेत घेतली. होडी नसलेल्या कोळ्याला बंदरात जायला जागा किती असते?

"फळ्या माझ्याबरोबर येतील," ते म्हणाले.

"येऊ दे. बसायला होतील."

त्यानंतर जिवंत होते तोवर माझे दाजी इसिद्रो बांकायानच्या होडीतून मासेमारीला गेले, स्वतःच्या होडीवर बसून. इसिद्रो सुकाणूवरून ओरडायचा, "नासारियो, जाळं सोड!" दाजी ताठ बसून म्हणायचे, "माझ्या होडीवर हुकूम मी देतो." मग जरा थांबायचे, स्वतःलाच हुकूम द्यायचे आणि जाळं सोडायचे.